काळम्मावाडीची भिंत: नदीकाठ आणि नळ यांच्यातला वाद

दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांमधल्या पट्ट्यात, कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर बिद्री आहे. कागल तालुक्यातले हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे. कागल, राधानगरी, भुदरगड, करवीर या तालुक्यांतला ऊस तिथे येतो आणि तो ऊस याच दोन नद्यांवर पोसला जातो. वेदगंगेच्या वरच्या अंगाला पाटगावचे धरण आहे. दूधगंगेवर, राधानगरी तालुक्यात, काळम्मावाडीचे धरण आहे. त्याचा काही भाग दगडी बांधकामाचा, काही भाग मातीच्या भरावाचा आणि पोटात सुमारे २५.४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत उभे राहिलेले हे धरण आता जुन्यांत मोडू लागले आहे आणि त्याच्या दगडी भागाची गळती हा जिल्ह्याच्या चर्चेचा विषय झाला आहे. दुरुस्तीसाठी सरकारने कोट्यवधींचा निधीही मंजूर केला. नेमक्या याच काळात, नोव्हेंबर २०२३ मध्ये, या धरणाचे पाणी थेट पाईपलाईनने कोल्हापूर शहरात पोहोचले. इचलकरंजीसाठी याच नदीवर सुळकूड येथून पाणी उचलण्याची योजना आली आणि तिला नदीकाठच्या गावांनी कडाडून विरोध केला. वाद पेटला तो पाणी कोणाचे यावर. ज्या भिंतीने ते पाणी अडवले आहे तिची प्रकृती मात्र वादाच्या कडेलाच राहिली.

पुढचा संवाद त्या भिंतीबद्दल आहे. त्यातले 'आबा' ही कोणी एक व्यक्ती नाही. दूधगंगाकाठचा ऊस-उत्पादक शेतकरी सभांत आणि मोर्चांत जे म्हणणे मांडत आला, ते एका तोंडून यावे म्हणून हे नाव दिले आहे. उत्तरे माझी आहेत.

आबा म्हणतात, "पाव्हणं, सरळ बोलतो. कोल्हापूरला भोगावती हाय, तिच्यावर शाहू महाराजांचं राधानगरी धरण हाय. तेच पाणी पंचगंगेतनं शहराच्या दारात जातंय, पिढ्यान् पिढ्या जातंय. ती नदी शहरानं घाण केली, जयंती नाल्याचं सांडपाणी तिच्यात सोडलं, आन् आता आमच्या दूधगंगेत पाईप घातली. उद्या इचलकरंजी दुसरी घालंल. आमी उन्हाळ्यात उपसाबंदी सोसायची, बंधाऱ्यातलं पाणी उतरलं की मोटर बंद ठेवायची, उसाची पाळी चुकवायची. वाद पाण्याचा हाय. तुमी भिंतीकडं बोट दाखवून त्यो कशापायी फिरवतासा?"

आबा, पंचगंगेबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे आणि ते मी कमी करून सांगणार नाही. शहराचे सांडपाणी आणि उद्योगांचे पाणी नदीत गेले म्हणून काठच्या शहरांना आपलीच नदी पिववेना. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. त्या शहराने वारणा नदीकडे हात पसरला तेव्हा वारणाकाठच्या दानोळी गावातून नकार आला, मग दूधगंगेकडे वळावे लागले. शहरात वरून स्वच्छ पाणी आले म्हणून खाली शिरोळपर्यंतची नदी स्वच्छ होत नाही. थेट पाईपलाईन हे पंचगंगा तशीच सोडून देण्याचे निमित्त झाले तर तो शिरोळच्या गावांवर अन्याय ठरेल. दुसरी बाजूही ऐका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूरची नदीकाठची उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि सगळीकडे पाणीच पाणी असताना शहराच्या नळाला दिवसच्या दिवस पाणी नव्हते. पुराच्या पट्ट्याबाहेरचा, वरचा स्रोत शोधणे हे शहराचे लाड नव्हते.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे पाणी किती जाते याकडे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत होती आणि इचलकरंजीची पावणेतीन लाखांच्या थोडी वर. शहरी माणसाला रोज १३५ लिटर हे प्रमाण धरले तर कोल्हापूरला वर्षाला एक टीएमसीहून किंचित कमी पाणी लागते, इचलकरंजीला अर्धा टीएमसी. लोकसंख्या वाढली आहे, नळांच्या जाळ्यात पाणी वाया जाते, म्हणून दोन्ही मिळून मागणी दीडपट धरू. ती सव्वादोन टीएमसीच्या आसपास येते. धरण २५.४ टीएमसीचे आहे आणि त्यात कर्नाटकाचाही वाटा आहे. सव्वादोन हा आकडा लहान आहे असे मी म्हणत नाही, विशेषतः मे महिन्यात तो लहान नसतो. पण तो बाजूला लिहून ठेवा, कारण पुढे त्याच्याशी दुसरा एक आकडा ताडून पाहायचा आहे. आणि एक विसरू नका. तुमच्या गावांच्या नळपाणी योजनाही याच नद्यांतून पाणी उचलतात. काळम्मावाडी कोल्हापूरच्या आधीपासून तुमच्या घरच्या हंड्यात आहे. पिण्याच्या पाण्याचे धरण ते २०२३ साली झाले नाही, फक्त पिणाऱ्यांची संख्या वाढली.

"बरं, भिंतीचंच बोलू," आबा म्हणतात. "दगडी धरणाला पाझर असायचाच. इंजिनिअर लोकच सांगत्यात की थोडं पाणी निघून जायला आत गॅलरी केलीया, भोकं ठेवल्याती. गळणारं पाणी तर कुठं जातंय? नदीतच येतंय, आमच्याच बंधाऱ्यात साठतंय. मग एवढा गवगवा कशाचा?"

यातली पहिली दोन वाक्ये बरोबर आहेत. दगड आणि मसाल्याची कोणतीही भिंत पूर्ण कोरडी नसते. मुरणारे पाणी गोळा करून बाहेर काढायलाच गॅलरी आणि तिच्यातली निचऱ्याची भोके असतात. वाया जाणाऱ्या पाण्याचा हिशेबही तुमच्याच बाजूचा निघतो. समजा सेकंदाला शंभर लिटर गळती आहे. दिवसाला ते ८६ लाख ४० हजार लिटर होतात, म्हणजे चौसष्ट हजार माणसांचे रोजचे पाणी. ऐकायला हा आकडा धक्कादायक आहे आणि म्हणूनच सभेत तो टाळ्या घेतो. पण वर्षभराची बेरीज केली तर ती एका टीएमसीच्या नवव्या भागाइतकी भरते, धरणाच्या साठ्याच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. यापेक्षा कितीतरी जास्त पाणी उन्हाळ्यात वाफ होऊन जाते. गळती किती लिटरची एवढ्यावरच बोलत राहिलो तर निष्कर्ष तुमच्यासारखाच निघेल, की यात काही मोठे नाही.

पाणी बाहेर येते एवढ्यावर गोष्ट संपत नाही. येताना ते काय घेऊन येते आणि आत काय करते हे पाहावे लागते. मसाल्यात मोकळा चुना असतो, जुन्या चुना-सुरखीच्या बांधकामात पुष्कळ, सिमेंटच्या बांधकामातही काही प्रमाणात. सह्याद्रीतले पावसाचे ताजे पाणी मऊ असते, क्षार कमी असलेले. असे पाणी चुना झपाट्याने विरघळवते. गॅलरीत भिंतीवर पांढरे ओघळ दिसतात, छताला पांढऱ्या सुया लोंबतात, तो मसाल्यातून निघालेला चुना असतो. चुना गेला की त्या जागी पोकळी राहते, पोकळीतून आणखी पाणी येते, ते आणखी चुना नेते. म्हणून अशी गळती आपोआप थांबत नाही. ती सावकाश वाढते आणि दरवर्षीची नोंद ठेवली तरच ती वाढ दिसते.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. दगडी धरण उभे राहते ते स्वतःच्या वजनावर. समोरून पाणी ढकलते आणि भिंत आपल्या भाराने जागा धरून राहते. पाणी भिंतीच्या सांध्यांत आणि पायात शिरले की ते खालून वर दाब देते, आणि जागा धरून ठेवणारा भारच हलका होतो. पाण्यात पूर्ण बुडालेल्या दगडी बांधकामाचे वजन साधारण चाळीस टक्क्यांनी कमी भरते, यावरून या दाबाचा जोर लक्षात यावा. निचऱ्याची भोके हा दाब मोकळा करण्यासाठीच असतात. बाहेर येणारा चुना त्याच भोकांत साचून ती बुजवतो. मग गॅलरीत गळती कमी झालेली दिसते आणि आत दाब वाढलेला असतो. गळती घटली म्हणून समाधान मानण्याआधी निचरा चालू आहे का हे पाहावे लागते ते यासाठी. बाहेर किती पाणी दिसते यावरून भिंतीची प्रकृती ठरवणे म्हणूनच फसवे आहे, मग ते पाणी जास्त असो की कमी.

या दाबाची जाणीव अभियांत्रिकीला फार महागात पडून झाली. फ्रान्समधल्या बूझे येथील दगडी धरणाचा एक भाग १८८४ साली पुढे सरकला आणि गळती एकदम वाढली. धरणाची दुरुस्ती केली, पुन्हा भरले. २७ एप्रिल १८९५ रोजी ते फुटले आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. भिंतीच्या आतल्या दाबाचा हिशेब जगभर गांभीर्याने होऊ लागला तो त्यानंतर. आपल्याकडचे उदाहरण भंडारदऱ्याचे आहे. १९२६ साली पूर्ण झालेल्या त्या दगडी धरणाची गळती १९६९ मध्ये चिंताजनक झाली. तिथे वेळ न दवडता भिंतीला मागून भक्कम टेकूभिंती बांधल्या. शंभरीच्या घरातले ते धरण आजही प्रवरेचे पाणी अडवते आहे. बूझेने धोका सांगितला आणि भंडारदऱ्याने उपाय. काळम्मावाडी बूझेच्या वाटेवर आहे असे मी म्हणत नाही, तसा कोणताही पुरावा माझ्यापुढे नाही. म्हणणे एवढेच की वाढत्या गळतीला 'असायचीच' म्हणून सोडून देता येत नाही.

आता तो बाजूला ठेवलेला आकडा काढू. गळती वाढली की पहिला आणि शहाणपणाचा उपाय असतो पाण्याची पातळी कमी ठेवणे. समोरचे पाणी जितके खाली, तितका दाब कमी, तितकी गळती कमी. धरण पूर्ण न भरण्याची भाषा तिथूनच येते. जलाशय वरच्या अंगाला सर्वांत रुंद असतो, त्यामुळे वरचा एकेक मीटर सोडला तरी साठा भराभर घटतो. काळम्मावाडीचा साठा दहा टक्क्यांनी कमी ठेवावा लागला तर अडीच टीएमसी पाणी पावसाळ्यातच वाहून जाऊ द्यावे लागेल. दोन्ही शहरांची मिळून वर्षाची मागणी आपण दीडपट करून सव्वादोन धरली होती. म्हणजे गळतीची खरी किंमत ठिबकणाऱ्या पाण्यात मोजायची नाही. जे पाणी साठवण्याचा धीर होत नाही, त्या पाण्यात ती मोजायची, आणि तशी मोजली की ती ठिबकणाऱ्या पाण्याच्या वीसपटीहून जास्त निघते. आबा, तुमची मे महिन्याची पाळी पाईपने जाईल अशी तुम्हाला भीती आहे. त्याहून जास्त पाणी भिंत नेऊ शकते, आणि भिंतीविरुद्ध मोर्चा निघत नाही. कोल्हापूरकरालाही हेच लागू आहे. अर्धवट भरलेल्या धरणातून टंचाईच्या वर्षी शहराने पाणी उचलायचे तर ते कोणाच्या तरी शेतातूनच उचलावे लागेल. भिंत धड असेल तर दोघांच्या वाट्याची वाटणी करता येते, ती दुबळी झाली तर वाटणी नुकसानीची करावी लागते.

मातीच्या भागाबद्दल थोडे बोलायला हवे, कारण दगडी भागाच्या गळतीच्या बातम्यांत तो विसरला जातो. दगडी भिंतीवरून काही काळ पाणी वाहिले तर ती टिकू शकते. मातीच्या भरावावरून वाहिले तर भराव धुऊन जातो. गुजरातमधले मच्छू-२ हे असेच मिश्र धरण होते, नदीपात्रात दगडी सांडवा आणि दोन्ही अंगांना मातीचे लांब बांध. ११ ऑगस्ट १९७९ रोजी सांडव्याला न पेलणारा पूर आला, मातीचे बांध वाहून गेले आणि मोरबी शहर उद्ध्वस्त झाले. दगडी सांडवा जागेवरच राहिला. आपल्याकडे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याखाली खडकवासल्याचे १८७९ सालचे दगडी धरणही गेले. पुण्याच्या पिण्याच्या पाण्याचा आधारच एका दिवसात नाहीसा झाला. म्हणून मिश्र धरणात लक्ष दोन वेगळ्या खुणांवर ठेवावे लागते. दगडी भागात पांढरे ओघळ पाहायचे. मातीच्या भागात पायथ्याशी येणारा पाझर नितळ आहे की गढूळ ते पाहायचे, कारण गढूळ पाझर म्हणजे आतली माती सुटू लागली. दगड आणि माती जिथे एकमेकांना भिडतात तो सांधा तर दोन्ही खुणांसाठी तपासावा लागतो.

"पटतंय," आबा म्हणतात, "पर दुरुस्ती म्हंजी धरण रिकामं करणार. पाणी सोडून देणार आन् नेमकं उन्हाळ्यात. एप्रिल-मे मधी उसाला दोन पाळ्या चुकल्या की वजन गेलं, खोडवा गेला. सोसायटीचं कर्ज तसंच ऱ्हातंय. शहराला टँकर येतील, आमच्या उसाला कोण टँकर घालणार? धरणासाठी घरं-शेतं आमच्याच भागातल्या लोकांची बुडाली, आता दुरुस्तीसाठी पिकं पण आमचीच जायची?"

हा आबांच्या सगळ्या आक्षेपांतला सर्वांत वजनदार आक्षेप आहे. त्याचे उत्तर 'देशासाठी सोसा' असे देणाऱ्यांशी मी सहमत नाही. आधी तांत्रिक बाजू. प्रत्येक दुरुस्तीला धरण रिकामे करावे लागत नाही. गॅलरीतून आणि भिंतीच्या माथ्यावरून भोके पाडून आत दाबाने सिमेंटचे पातळ मिश्रण भरणे, म्हणजे ग्राउटिंग, आणि बुजलेली निचऱ्याची भोके पुन्हा मोकळी करणे ही कामे पाणी असतानाही करता येतात. भिंतीचा पाण्याकडचा चेहरा दुरुस्त करायचा तर मात्र तो उघडा पडावा लागतो. त्यातही मे अखेरीस जलाशय नेहमीच बराच उतरलेला असतो. पाणी जसे उतरेल तसे वरून खाली पट्ट्यापट्ट्याने सांधे भरत जायचे आणि हे दोन-तीन उन्हाळ्यांत वाटून करायचे, ही वाट आहे. तमिळनाडूतल्या कडंपराईच्या दगडी धरणाला २००५ साली पाण्याकडच्या बाजूने जलरोधक पडदा बसवला आणि त्याची प्रचंड गळती जवळजवळ थांबली. काळम्मावाडीला कोणता उपाय लागू पडेल ते तज्ज्ञांनी ठरवायचे. एका उन्हाळ्यात सगळे उरकण्याच्या घाईने धरण कोरडे करणे हा एकमेव मार्ग नाही, एवढे नदीकाठाला माहीत असले पाहिजे, म्हणजे त्याला योग्य प्रश्न विचारता येतील.

नंतर शेतीची बाजू. उसाची लागण करताना शेतकरी बारा ते अठरा महिन्यांच्या पाण्यावर पैज लावतो. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो, पूर्वहंगामी ऑक्टोबरच्या सुमारास, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. येत्या उन्हाळ्यात पाणी कमी मिळणार हे मार्चमध्ये कळले तर त्याच्या हातात काहीच उरत नाही. ते आधीच्या जूनमध्ये कळले तर तो क्षेत्र कमी करील, खोडवा मोडील, हरभरा किंवा भुईमूग घेईल, ठिबकचा विचार करील. म्हणून दुरुस्तीचे वेळापत्रक एक पूर्ण हंगाम आधी, गावागावांत, लेखी जाहीर व्हावे ही मागणी न्याय्य आहे. साखर कारखान्यालाही ते हवेच, कारण पुढच्या गळिताचा ऊस किती येणार हे त्यावर ठरते. एवढे करूनही जी पाळी दुरुस्तीसाठीच कापली जाईल तिची भरपाई दुरुस्तीच्या खर्चात धरली पाहिजे. ग्राउटिंगचे सिमेंट जसे अंदाजपत्रकात असते तशी ही भरपाईही असावी. जे काम शेतकऱ्याच्या नुकसानीवर स्वस्त होते, ते वर्षानुवर्षे विरोधात अडकते. थेट पाईपलाईनच्या वेळी सोळांकूर गावाच्या विरोधाने हे दाखवून दिले आहे.

आबांना पुढचा प्रश्न पडतो तो वेगळाच. "तुमी असं लिवलं की लोकं घाबरत्यात. उद्या कुणीतरी मोबाईलवर टाकंल, धरण फुटणार म्हणून. आन् आमी गावकरी काय करणार? धरण सरकारचं, खातं सरकारचं. तेंनी बघावं."

भीती पसरते ती माहिती नसल्यामुळे. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि पायथ्याची वस्ती वाहून गेली. ग्रामस्थांनी गळतीच्या तक्रारी आधी केल्या होत्या. तिथे कमतरता कशाची असेल तर ती तक्रारीवर ठराविक मुदतीत उत्तर मिळण्याच्या बंधनाची. काळम्मावाडीत दर महिन्याला गळतीचे मोजमाप घेतले आणि जलाशयाच्या पातळीसह ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले, तर मोबाईलवरची अफवा एका नजरेत तपासता येईल. पातळी वाढली की गळती वाढते, उतरली की कमी होते, हे तर नेहमीचे. त्याच पातळीला गेल्या वर्षीपेक्षा गळती जास्त भरली, तर तो दखल घेण्याचा क्षण. हे समजायला पदवी लागत नाही. बंधाऱ्याचे बरगे कधी घालायचे आणि कधी काढायचे हे पिढ्यान् पिढ्या जाणणाऱ्या माणसाला हे दोन आकडे वाचणे अवघड नाही.

'सरकारने बघावे' याला आता कायद्याचा आधार आहे. धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. पंधरा मीटरहून उंच प्रत्येक धरण त्यात येते, म्हणजे काळम्मावाडीही आणि राधानगरीही. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, मोजमापाची साधने, देखभालीसाठी राखीव निधी, खालच्या गावांसाठी आपत्कालीन कृती आराखडा आणि स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन ही धरणमालकाची कर्तव्ये ठरली आहेत. महाराष्ट्राची ही जबाबदारी देशात सर्वांत मोठी आहे, कारण मोठ्या धरणांची सर्वाधिक संख्या आपल्याकडेच आहे, दोन हजारांहून अधिक. कायदा लागू झाला त्याच डिसेंबरात राधानगरी धरणाचे एक दार दुरुस्तीच्या कामात अडकून उघडे राहिले आणि भर हिवाळ्यात भोगावतीत पाण्याचा लोंढा आला. ज्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठराविक पातळीला गेले की माणसाच्या हाताशिवाय उघडतात, आणि ज्याचा जिल्ह्याला रास्त अभिमान आहे, त्या धरणालाही देखभाल लागते. शाहू महाराजांनी ते काम सुरू केले, पैशाअभावी ते मध्येच थांबले, महाराज १९२२ साली गेले आणि धरण पूर्ण झाले ते स्वातंत्र्यानंतर. एवढ्या कष्टाने उभे राहिलेले काम सांभाळण्यात हयगय झाली तर ती मला सरळ अपराधासारखी वाटते.

"शेवटचं सांगतो," आबा म्हणतात. "तुमचं सगळं मान्य केलं तरी इस्वास कसा ठेवायचा? भिंत चांगली होईल, धरण पुरं भरंल, पर एकदा पाईप लागली की दुष्काळात पयला हक्क शहराचा. आमी भिंत सुधारायला साथ द्यायची आन् वाढीव पाणी शहरानं न्यायचं, असं व्हणार न्हाई कशावरनं?"

याला हिशेबाने उत्तर देता येत नाही. पिण्याला पहिला क्रम हे राज्याचेही धोरण आहे आणि ते योग्यच आहे. म्हणूनच शहराच्या वाट्याला लेखी मर्यादा हवी. वर्षाला किती पाणी, कोणत्या महिन्यात किती, आणि टंचाईत किती टक्के कपात शहराने स्वतः सोसायची, हे करारात असावे आणि जॅकवेलवरचे, म्हणजे पाणी उचलण्याच्या विहिरीवरचे, मोजमाप उघड असावे. शहराने आपल्या नळांतली गळती दरवर्षी किती कमी केली हे सांगावे. धरणाच्या गळतीवर बोलण्याचा अधिकार त्याला त्यातून मिळेल. आणि पाण्याच्या प्रमाणात धरणाच्या देखभाल निधीत शहराने वाटा उचलावा. आज महापालिका पाण्याचे दर भरते, पण भिंतीच्या प्रकृतीत तिला हितसंबंध आहे असे तिच्या व्यवहारात दिसत नाही. काही शे कोटींची पाईपलाईन ज्या भिंतीच्या भरवशावर टाकली, त्या भिंतीकडे पाठ करून शहर बसू शकत नाही. या अटींवर साथ द्यायची की नाही हे नदीकाठाने ठरवावे. माझे मत विचाराल तर अटींसह द्यावी. साथ नाकारल्याने पाईप निघणार नाही आणि भिंतही दुरुस्त होणार नाही.

तेव्हा बिद्री परिसरातल्या ग्रामसभांना, कारखान्याच्या सभासदांना आणि कोल्हापूरच्या नगरसेवकांना एकच विनंती आहे. काळम्मावाडीच्या सर्वंकष मूल्यमापनाचा अहवाल आणि गळतीच्या गेल्या दहा वर्षांच्या नोंदी सर्वांनी मिळून, एकाच अर्जावर सह्या करून, मराठीत मागाव्यात. अस्तित्वात असलेल्या धरणांच्या पहिल्या मूल्यमापनासाठी कायद्याने पाच वर्षे दिली आहेत आणि ती मुदत ३० डिसेंबर २०२६ रोजी संपते.